खाडीचे जिताडे, गोडे तळे

खाडीच्या खाऱ्या पाण्यातून आणलेली जिताडा माशाची चाळीस पिल्ले टबात होती. धाकू म्हात्रे सकाळीच तो टब तळ्यात उपडा करायला वाकला, तोच त्याची वहिनी हिरूबाई ओरडली, "थांब!"

गेल्या वर्षी पिल्ले अशीच ओतली होती आणि तासाभरात सगळी फुगून वर आली होती. यंदाही मेली, तर तळे बुजवायला तिने धाकूला होकार दिला होता. मातीचा डंपर दुपारी यायचा होता.

"मनुका पाण्यात टाकली की टम्म होते ना? यांचंही तेच झालं असणार. एकदम गोड्यात टाकलं, की पाणी कल्ल्यांतून आत घुसतं. हळूहळू सवय लावू."

"वहिनी, माशांचं बारसं करतेस की काय? ओतू दे एकदाचं!"

हिरूबाईने ऐकले नाही. दर पाच मिनिटांनी ती टबातले तांब्याभर पाणी काढी आणि तितकेच तळ्याचे घाली. ऊन डोक्यावर आले, तेव्हा तिने टबातले पाणी चाखले. खारटपणा उरला नव्हता. तिने टब कलंडवला. पिल्ले चमचमत तळ्यात शिरली.

अर्धा तास गेला, एक तास गेला, तरी एकही पिल्लू वर तरंगले नाही. उलट एकाने उसळून पाण्यावरचा किडा गट्ट केला. हिरूबाईने लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

इतक्यात डंपरवाल्याचा फोन आला.

"माघारी जा रे," धाकू म्हणाला, "तळ्यात आमची माणसं राहायला आलीत."