रडक्या पुलाखाली

ओहायोतल्या आमच्या गावाबाहेरच्या पुलावरून फार पूर्वी एका आईनं तान्ह्या बाळासकट उडी घेतली, असं सगळे सांगतात. अजूनही पोरं तिथं गाडी थांबवून रडणं ऐकू येतंय का बघतात.

मार्चमधल्या एका संध्याकाळी लॉरेटाची गाडी घसरून त्याच पुलाखाली ओढ्यात गेली. पाणी सीटपर्यंत चढलं होतं, तिचा पाय अडकला होता आणि छातीशी धरलेलं बाळ किंचाळत होतं. तेवढ्यात वर एक गाडी थांबली.

"ट्रूडी, ऐकतेस ना? खरंच रडतंय."

"वेस्ली, चल ना इथून. पुरे झाला तुझा शूरपणा."

लॉरेटा जीव खाऊन ओरडली, "पोरांनो, थांबा रे, आम्ही जिवंत आहोत."

 

वेस्लीनं घाईघाईनं गाडी चालू केली. "आजी म्हणायचीच, बिचारीला स्वतः मेल्याचं अजून कळलेलंच नाही."