पुसलेल्याची यादी

भोकं पाडायच्या यंत्राचं टोक तिसऱ्या डिस्कमधून आरपार गेलं, तेव्हा कुठे साहेबांच्या जिवात जीव आला.

"हिच्यातून आता काही निघणार नाही ना?" त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"साहेब, तीन तीन वेळा पुसलीय. कोपरान्‌कोपरा शून्यांनी भरून काढलाय, वर आता भोकही पाडलं," तंत्रज्ञ म्हणाला. "खुद्द ब्रह्मदेव आला तरी एक अक्षर परत मिळायचं नाही."

"तरी आणखी एक पाड."

त्याने मुकाट्याने आणखी एक पाडलं. साहेबांसमोर वाद घालून कुणाचं भलं झालेलं त्याने पाहिलं नव्हतं.

प्रकरण तसं घरातलंच होतं. साहेब नोकरभरतीच्या कचेरीचे प्रमुख आणि कारकुनांच्या परीक्षेला बसला त्यांचा मेहुणा. शंभरापैकी एकोणीस गुण! बायकोने अबोला धरला. धरण्यापूर्वी एवढंच म्हणाली, "जगाची कामं करता, माझा भाऊ तेवढा डोळ्यांत खुपतो." चौथ्या दिवशी एकोणीसचे एक्क्याण्णव झाले आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. मेहुणा तेव्हापासून वरच्या मजल्यावर खुर्ची उबवत होता. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग कुणा मेल्याने तक्रार केली, आणि उद्या अकराला चौकशी अधिकारी येणार होते. सिद्ध झालं तर मेहुण्याची नोकरी जाणार, साहेबांची जाणार, पेन्शन जाणार, आणि साहेब स्वतः आत जाणार. म्हणूनच गेल्या आठवड्यात त्यांनी आदेश काढला होता: 'उमेदवारांच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी आठही जुन्या संगणकांच्या डिस्क कायमच्या नष्ट कराव्यात.' गोपनीयतेचा असा उमाळा त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

बाकी माणूस टापटिपीचा, हे शत्रूही कबूल करील. फाइल शोधायला दोन मिनिटं जास्त लागली की त्यांचं डोकं फिरायचं. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी पहिलं परिपत्रक काढलं ते फाइलींच्या नावांबद्दल. कुणी 'नवीन एक', 'नवीन दोन' अशी नावं दिली की सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी निघे. स्वतः साहेबही तो नियम काटेकोर पाळत. तेवढा एक गुण त्यांचा अस्सल होता, कुणी वाढवून दिलेला नव्हता.

चौथी डिस्क यंत्राखाली गेली तेवढ्यात भांडारपाल बाई कागदांचा भलामोठा गठ्ठा छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, सह्या."

"आता कसल्या?"

"डिस्क नोंदवहीतून कमी करायच्यात. नष्ट केलेल्या मालाचा तपशील जोडावा लागतो. पानोपानी सही, तीन प्रती."

साहेबांनी कपाळाला हात लावला. या बाईंपुढे शहाणपण चालत नसे. मागे एक खुर्ची मोडली, तर त्यांनी तिच्या चारही पायांची वेगवेगळी नोंद केली होती. साहेबांनी पेन काढलं. न वाचता सही करण्याची त्यांची तीस वर्षांची तालीम होती. डावा हात पान उलटत होता, उजवा सही करत होता, आणि डोळे भोकांवर खिळले होते. आठवी डिस्क फुटली तेव्हा तिसरी प्रतही संपली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला चौकशी अधिकारी हजर. त्यांनी ट्रेमधली एक डिस्क उचलली, खिडकीसमोर धरली आणि तिच्यातून बाहेरचं झाड पाहिलं.

"चाळण केलीत की हो!"

"उमेदवारांचा विश्वास, दुसरं काय," साहेब म्हणाले. "त्याच्याशी तडजोड नाही."

अधिकाऱ्यांनी सुस्कारा टाकून बॅग बंद केली. "मग मला इथे पाहण्यासारखं काही उरलेलंच नाही."

साहेबांना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. त्यांनी चहा मागवला आणि स्वतः उठून पाहुण्यांपुढे कप ठेवला. संध्याकाळी बायकोपुढे कशी ऐट मारायची, हेसुद्धा मनात ठरवून टाकलं. जाता जाता अधिकारी म्हणाले, "फक्त नष्ट केल्याचा कागद द्या, म्हणजे माझं काम संपलं."

"बाई!" साहेबांनी ऐटीत हाक मारली. "द्या यांना काय हवं ते."

बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "आठ डिस्कमधल्या तीन हजार नऊशे चार फाइली. पुसण्याआधी तंत्रज्ञाकडून प्रत्येकीचं नाव आणि तारीख उतरवून घेतली. काय नष्ट केलं तेच ठाऊक नसेल, तर नष्ट झालं असं लिहू कशी मी?"

साहेबांनी गठ्ठा ओढायला हात पुढे केला, पण तो अधिकाऱ्यांनी आधीच उचलला होता.

अधिकाऱ्यांनी दहा-बारा पानं चाळली आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं, "'मेहुण्याचे खरे गुण, एकोणीस.' त्याच्याखाली, 'मेहुण्याचे वाढवलेले गुण, एक्क्याण्णव, अंतिम.' त्याच्याखाली, 'मेहुण्याच्या जागी वगळलेल्या मुलीचे गुण, चौऱ्याऐंशी.'" मग त्यांनी पानाच्या तळाशी पाहिलं. "ही सही आपलीच ना?"

"अहो, पण ही नुसती नावं आहेत!" साहेब ओरडले. "फाइली कुठे आहेत? त्यांच्यात काय होतं ते कुणाला कळणार?"

"असं काय करता, साहेब," बाई कळवळून म्हणाल्या. "तुमचंच परिपत्रक आहे ना, नाव असं द्यावं की फाइल उघडून बघायची गरजच पडू नये!"