अहवालातली चूक

"चूक माझ्या कोडमध्ये आहे," असं म्हणून दीपंकरनं सही केलेला अहवाल चिन्मयपुढं सरकवला.

चिन्मयनं तो दोनदा वाचला. चार वर्षांपूर्वी दोघांनी मिळून बेळगावात कंपनी काढली होती. घरी वापरता येईल असं स्वस्तातलं श्वासाचं यंत्र बनवायचं होतं. मोठ्या संगणकावर चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा यंत्रातल्या नखाएवढ्या चिपवर, तिथल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उतरवायची, हे काम दीपंकरचं. त्यात त्याची तीन वर्षं गेली.

पहिलं यंत्र त्यानं निपाणीला स्वतःच्या वडिलांनाच लावलं. मायाप्पांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली होती, फुप्फुसं कामातून गेली होती. यंत्रानं त्यांना सात महिने जगवलं. शेवटी शेवटी आवाजही गेला. खाटेजवळ कुणी आलं, की ते यंत्राकडं बघून नुसते हात जोडायचे. गेल्या मंगळवारी दुपारी यंत्र बंद पडलं आणि ते गेले, तेव्हा घरात दीपंकरची आई, पारूबाई, एकटीच होती.

"मेमरी साफ करताना भाषा क्षणभर थांबते," दीपंकर म्हणाला. "नेमकी तेव्हाच श्वासाची वेळ आली, आणि सगळं अडकलं."

मग यंत्रातला धोक्याचा भोंगा का वाजला नाही, असं चिन्मयनं विचारलं. भोंगाही त्याच भाषेत लिहिलाय, तोही अडकला, असं उत्तर आलं. यंत्रातली नोंद मागितली, तर ती पुन्हा सुरू करताना पुसली गेली होती.

"माझ्या चाचणीच्या टेबलावर हे एकदाही घडलं नाही, दीपंकर."

"आप्पांच्या खाटेवर घडलं."

चाचणीसाठी दिलेली अकरा यंत्रं परत आणून रुग्णांना दुसरी द्यावी लागणार होती. यंत्र विकायचा परवाना तर आता मिळणारच नव्हता. दीपंकरनं राजीनामाही सोबत आणला होता. तो निघाला, तेव्हा चिन्मयनं मान वर केली नाही.

दुपारच्या बसनं दीपंकर निपाणीत उतरला. आई रिकाम्या खाटेशेजारी भिंतीला टेकून बसली होती. पाच दिवसांत तिच्या पोटात धड घास गेला नव्हता. भेटायला येणाऱ्यांशी ती बोलत नव्हती. शेजारच्या मंगलनं झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं.

तो तिच्यापुढं जमिनीवर बसला.

"तपासलं, आई. मशीन आपोआप बंद पडलं. माझी चूक हुती."

मग तिनं त्याचं मनगट धरलं.

"म्हंजे मी बंद करायचं बटण दाबलं, त्येच्या आधीच बंद पडलं हुतं व्हय रं?"

दीपंकर दचकला नाही.

"व्हय," तो म्हणाला. "मिनिटभर आधी."