तिसरी बाटली

प्रयोगशाळेतल्या आपल्या कप्प्याचं दार उघडून तिने डोळे मिटून घेतले. आठ दिवसांची सुट्टी संपली होती. पाचही बाटल्या पांढऱ्या पडल्या असतील, तर कप्पा दुसऱ्याला जाणार आणि तिचं दोन वर्षांचं काम गुंडाळायचं. सरांनी ती निघतानाच बजावलं होतं.

तिने एक डोळा किलकिला केला. पांढरट. पांढरट. हिरवीगार!

"सर!"

सर दारातच उभे होते.

बाटल्यांत समुद्रातला एक हिरवा जीव होता, सुईच्या टोकावर हजारोंनी मावेल एवढा. सगळ्या समुद्रांत मिळून हे जीव हवेतला कार्बन गिळतात, आपल्याला श्वास पुरवतात. जगाचा एवढा संसार सांभाळणारा हा गडी, पण इतर जंतूंपासून वेगळा काढून चोख पाण्यात ठेवला, की रुसून मरायचा.

तिने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "सर, हिरव्यांच्या आजूबाजूला ही कोण मंडळी वळवळतेय? कुणीतरी बाहेरचं पाणी घातलंय यात."

"छे! कोण घालेल?" सर जरा जास्तच पटकन म्हणाले.

तिने ती हिरवी बाटली त्यांच्यासमोर धरली. सरांनी चष्मा पुसायला घेतला.

"हिचं झाकण सैल राहिलं होतं गं. पाणी पार तळाला गेलेलं. चोख पाण्याच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे. मग बाहेर ती समुद्री माशांची टाकी आहे ना..."

"माशांच्या टाकीतलं? आम्ही नुसतं शिंकलो तरी हाकलता तुम्ही!"

"तहानल्यासारखी दिसत होती," सर पुटपुटले.

"आणि घातलंत कशानं?"

"चहाच्या कपानं."

"धुतलेल्या?"

सरांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. तिला हसू आवरेना. हसता हसता ती खुर्चीत बसली, पुन्हा उठून सूक्ष्मदर्शकात डोकावली.

"सर, याला शेजार हवा होता. आणि आपण दोन वर्षं शेजाऱ्यांनाच हाकलत बसलो."

सर टाकीकडे गेले ते जवळजवळ पळतच. कप भरून आणला, तीन पांढरट बाटल्यांत थोडं थोडं ओतलं. चौथीपाशी तिने त्यांचा हात धरला.

"ही तशीच ठेवायला हवी, सर. तुलनेसाठी."

"हो हो. ठेवायलाच हवी."

दोघं त्या फिक्या बाटलीकडे पाहत राहिले. मग सरांनी ती उचलली आणि हिरव्या बाटलीला अगदी खेटून ठेवली.

"पाणी घालायचं नाही, मान्य," ते म्हणाले. "काचेतून बघू दे की."