ताडाला ना हरकत

भीमनगरात मोबाईलचा टावर नको, असं वस्तीनं ग्रामसभेत दोनदा ठणकावून सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेला कंपनीनं टावरला ताडाच्या झाडाचं सोंग घ्यायला लावलं, आणि सरपंचांनी ठराव वाचायला सिद्धोधनला उभं केलं. तो ग्रामपंचायत सदस्य, वस्तीतलाच. त्याचा शब्द वस्तीत कुणी खाली पडू देत नसे. "टावर एवढा एकच शब्द गाळा," सरपंच कानाशी लागून म्हणाले. सिद्धोधननं तो गाळला. 'वस्तीच्या मोकळ्या जागेत ताडाचं शोभेचं झाड उभारायला ना हरकत,' एवढंच वाचलं. सगळ्यांत आधी अंगठा उठवला तो वस्तीतल्या सरजामावशीनं.

महिनाभरात ताड आला, ट्रकमधून, तुकड्यातुकड्यांनी. मानवतहून आणलेल्या क्रेननं तो उभा केला, वर प्लास्टिकच्या झावळ्या नटबोल्टनं आवळल्या. जमलेल्या लोकांचा आवाज चढला, तसा सिद्धोधन घराच्या मागच्या दारानं सटकायला निघाला. तर दारातच मावशी उभी. आता ही आपली लाज काढणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

मावशीला धाप लागली होती. "लेकरा, समदे म्हणायलेत, हे झाड न्हाई, टावर हाय. मी एकटी भांडून आले त्यांच्यासंगं. लोखंड तर मलाबी दिसायलंय. पर म्हणलं, माझे डोळे म्हातारे. कागद आपल्या सिद्धोधननं वाचलाय."