चिंचेतला पक्षी

“आला बघ.” दिनकररावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. गॅलरीत चहा निवत राहिला. समोरच्या चिंचेतून रोज सकाळी तो पक्षी शीळ घालायचा, पण ते निवृत्त झाल्यापासून एकदाही दिसला नव्हता. ते म्हणत, निळा असणार. शालनताई म्हणत, तांबूस.

गेल्या पावसाळ्यात शालनताईंना कळलं, ती शीळ चिंचेमागच्या कुंट्यांच्या फाटकाची होती. त्या गप्प राहिल्या. मुलांचे फोन सोडले तर नवराबायकोत बोलायला तेवढंच उरलं होतं.

दिवाळीआधी कुंट्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलं आणि सकाळ मुकी झाली. दिनकरराव दुर्बीण मांडीवर ठेवून नुसते बसू लागले. एका संध्याकाळी ते फिरायला गेल्यावर शालनताई चोरून कुंट्यांकडे गेल्या.

“विचित्र वाटेल, पण ते तेल तेवढं पुसाल का?”

“पुसतोच आहे, काकू.” कुंट्यांनी रॉकेलचं फडकं दाखवलं. “काका मघाशीच सांगून गेले. म्हणाले, आमच्या हिला कळू देऊ नका. तेवढ्यासाठीच ती माझ्याजवळ बसते.”

दुसऱ्या दिवशी शीळ आली. दुर्बीण शालनताईंकडे होती.

“दिसला?” दिनकररावांनी विचारलं.

“निळा आहे,” त्या म्हणाल्या.