नकाशात नसलेलं शिखर

हेमलता खुटवड यांच्या नकाशात मोरधार शिखरच नव्हतं. मनगटावरची पट्टी गुडघ्यांची ताकद आणि श्वास मोजायची आणि ज्याला त्याला एका दिवसात झेपतील तेवढ्याच वाटा नकाशात दाखवायची. त्यांच्या लेकीला, केतकीला, शिखराकडे जाणाऱ्या तीन वाटा दिसत होत्या. हेमलताबाईंना तिथे नुसता हिरवा रंग दिसत होता.

"आई, आपण तळ्यापर्यंतच जाऊ," पायथ्याशी चहा घेताना केतकी म्हणाली.

"या तिन्ही वाटा उभ्या चढाच्या आहेत. गुराखी मागून वळसा घालून जातात, ती वाट यात कुणी घातलेलीच नाही," तिच्या नकाशात डोकावून हेमलताबाई म्हणाल्या. तरुणपणी त्यांनी याच डोंगराची मोजणी केली होती.

दोघी सहाला निघाल्या. वळसा लांबचा होता, पण चढ सौम्य होता. हेमलताबाई दर वळणावर बसत आणि पुन्हा उठत. केतकीने दोनदा परत फिरू या म्हटलं. त्यांनी दोन्ही वेळा हसून काठी पुढे टेकली.

साडेबाराला त्या माथ्यावर पोचल्या. पट्टीने नवी वाट नोंदवून घेतली. भाकरीचं फडकं सोडतात तोच हेमलताबाईंचा फोन वाजला.

"मी नाशिकहून सदाशिव पगार बोलतोय. अपघातात माझा एक पाय अधू झालाय. माझ्या नकाशात आत्ता पहिल्यांदाच मोरधार उमटलं आणि वाटेवर तुमचं नाव आणि नंबर आहे. ताई, मला खरंच जमेल?"

"जमेल," हेमलताबाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी सहाला पायथ्याशी या. मीही येते."